उतारावर बोलायचं नाही

गाडी थांबली की आबा आधी खाली उतरायचे आणि चारही चाकांना हात लावायचे. तळहात नाही, उलटा हात. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तसा. टायरला नव्हे, आत लोखंडी ड्रम असतो त्याच्या जवळ न्यायचे, अर्धा क्षण थांबायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचे. चौथं चाक झालं की निकाल जाहीर व्हायचा. बहुतेक वेळा नुसतं "ठीक शे" म्हणायचे. कधीतरी मात्र एखाद्या चाकाशी परत यायचे, पुन्हा हात न्यायचे आणि म्हणायचे, "याले ताप शे."

आबा आमच्या लसीकरण पथकाच्या गाडीचे ड्रायव्हर. मी पथकाची डॉक्टर. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. धुळ्याहून माझी बदली जळगावला झाली, तेव्हा मी तिशीत होते आणि आबांनी पन्नाशी ओलांडलेली होती. मूळचे भडगावचे. बायको वारलेली, मुलगा गिरणाकाठच्या शेतीत. आबा जळगावात ऑफिसच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. बोली पक्की अहिराणी. साहेबांशी बोलतानाही ती बदलायची नाही आणि साहेबांनाही ते चालायचं, कारण साहेबांना गाडी वेळेवर लागायची.

धुळ्याला माझ्या वाट्याला जो ड्रायव्हर होता, तो हॉर्नच्या भरवशावर गाडी चालवायचा. ब्रेक त्याच्या लेखी शेवटचा उपाय. त्यामुळे माणूस गाडीपेक्षा चाकाची काळजी जास्त करतो, हा प्रकार मला नवा होता आणि खरं सांगायचं तर वैतागवाणा होता.

पहिल्याच दौऱ्यात आमचं वाजलं. रावेरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी तीन गावं करायची होती. लशींची पेटी बर्फात ठेवलेली. मे महिना, आणि जळगावचा मे महिना कसा असतो ते जळगावकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळायचं नाही. शहर सोडून नशिराबादला पोचतो न पोचतो तोच आबांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं चहा. चहा नव्हता. उतरले आणि चाकांना हात लावत फिरायला लागले. मागच्या डाव्या चाकाशी बसलेच.

"आबा, काय चाललंय? बर्फ वितळतोय तिकडे."

"बरफ वितळना ते दुसरा टाकसूत, बाई. चाक जळनं ते काय करशात?"

मी धुमसत गाडीत बसून राहिले. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन हँडब्रेकची तार सोडवली. ती गंजून अडकली होती, त्यामुळे हँडब्रेक खाली टाकला तरी ते एक चाक धरलेलंच राहत होतं. नऊ-दहा किलोमीटरमध्ये ते इतकं तापलं होतं की मी हट्टानं हात लावून पाहिला आणि चटका बसून मागे घेतला. "तीस किलोमीटर असं गेलं असतं तर?" मी विचारलं. आबा धुळीत हात पुसत होते. "लायनर जळतं. ग्रीस पातळ व्हई सन वाहतं. मंग तुमी रावेरले पोचत्यात, पन बैलगाडीमा," ते म्हणाले. भुसावळला बर्फ दुसरा घेतला. लशी शाबूत राहिल्या. मी मात्र त्या दिवशी जरा कमी बोलले, जे माझ्या बाबतीत दुर्मिळ आहे.

पुढे मीही शिकले. चार चाकांमध्ये एकच तापलं असेल तर तिथे ब्रेक अडकलेला असतो. तीन कोमट आणि एक गार असेल तर ते गार चाक कामच करत नाही, बाकीची तिन्ही त्याचंही ओझं ओढतात. आबा म्हणायचे, गार चाक जास्त वाईट, कारण ते कुणाला चटका देत नाही.

दुसरी सवय रात्रीच्या मुक्कामाची. गाडी लावली की तिच्याखाली जुनं वर्तमानपत्र पसरायचं, चारही चाकांच्या आतल्या बाजूला एकेक पान. सकाळी चहाच्या आधी ती पानं वाचली जायची. बातम्या नाही, डाग. मधोमध काळा डाग म्हणजे इंजिनचं तेल, त्याची घाई नाही. चाकाजवळ पातळ, पाण्यासारखा पसरलेला, बोटाला निसरडा डाग म्हणजे ब्रेकचं तेल. मग गाडी हलायची नाही, साहेब येवोत की साहेबांचे साहेब. एकदा खरंच साहेबांचे साहेब आले होते. आबांनी त्यांच्यासमोर वर्तमानपत्राचं पान धरलं, एखादा पुरावा दाखवावा तसं. ते बिचारे चष्मा लावून बातमी शोधत राहिले.

आणि पायाची परीक्षा. इंजिन बंद असताना ब्रेकचं पायडल तीनदा दाबायचं आणि तिसऱ्यांदा दाबून तसंच धरून ठेवायचं. पायाखाली घट्ट राहिलं तर ठीक. स्पंजासारखं लागलं तर नळीत हवा. पहिल्यांदा खोल गेलं आणि पुढच्या दाबाला वर आलं तर ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं लायनर झिजलंय, जुळवून घ्यायला हवं. आणि धरून ठेवलेलं पायडल हळूहळू खाली बसत गेलं तर कुठेतरी तेल पळतंय. हे सगळं त्यांनी मला एका पावसाळी दुपारी ऑफिसच्या शेडमध्ये शिकवलं. माझा पाय पायडलवर, ते बाहेर खिडकीशी उभे. "पाय काय सांगस?" ते विचारायचे. मी उत्तर द्यायचे. चुकलं की "परत" म्हणायचे. वैद्यकीय कॉलेजात माझी इतकी कडक तोंडी परीक्षा कुणी घेतली नव्हती.

रविवारी त्यांची ओपीडी असायची. हा शब्द माझा. जळगावात तेव्हा घरच्या गाड्या मोजक्या, पण ज्यांच्याकडे होत्या त्या बहुतेक जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. कुणी मास्तर, कुणी वकील, कुणी कापसाचा व्यापारी. गाडी घेऊन ऑफिसच्या मागे यायचे. आबा खाटेवर बसलेले असायचे. गाडीकडे लगेच जायचे नाहीत. आधी मालकाला प्रश्न. "पाय काय सांगस? कान काय सांगस? नाक काय सांगस?" नाकाचा प्रश्न ऐकून नवा माणूस हसायचा. मग आबा विचारायचे, घाट उतरल्यावर जळकट वास येतो का, आणि माणूस हसायचा थांबायचा.

एकदा एक व्यापारी म्हणाले, "ब्रेक एकदम मस्त आहे आबा, फक्त दोनदा दाबावा लागतो."

आबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "दोनदा हाक मारावर उठस असा राखनदार ठेवशात का वावरमा?"

गाडी दोन दिवस तिथेच राहिली.

याच व्यापाऱ्यांनी पुढे नवी गाडी घेतली. तिच्या समोरच्या फळीवर लाल-पिवळे दिवे होते. त्या काळी ही मोठी नवलाई. ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक ओढला की लागायचा आणि सोडला की विझायचा. ब्रेकच्या टाकीतलं तेल कमी झालं तरीही लागायचा. त्यांचं कुटुंब गडावर सप्तशृंगीला निघणार होतं, म्हणून आदल्या दिवशी गाडी दाखवायला आणली. आबांनी हँडब्रेक ओढला, सोडला आणि विचारलं, "दिवा कोठे गया?"

दिवा कुठेच दिसेना. मग कळलं की व्यापाऱ्यांच्या आईला गाडीत सारखा लाल दिवा जळतो हे अशुभ वाटत होतं. त्यांनी गडावरून आणलेली देवीची तसबीर नेमकी त्याच्यावर चिकटवून टाकली होती. हळदी-कुंकवासकट.

आबांनी आधी हात जोडले, मग नखानं हलकेच तसबीर सोडवली. आत दिवा लालभडक जळत होता. "लोकं देवीपुढे दिवा लावतस," ते म्हणाले, "तुमी दिवावर देवी लाई दिधी!" टाकीत तेल तळाला गेलं होतं आणि मागच्या चाकाच्या आतून पाझरत होतं. यात्रा आठ दिवस पुढे गेली. व्यापाऱ्यांच्या आई रागावल्या; पण परत आल्यावर आबांसाठी आठवणीनं प्रसाद पाठवला.

त्या दिवशी मी आबांना म्हटलं, आता दिवे आले, तुमची ओपीडी बंद होणार. त्यांनी मान हलवली. त्या दिव्याला फक्त तेल दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आतलं लायनर कागदाइतकं झिजलं तरी त्याला पत्ता नसतो. "दिवा लागना ते थांबा. नही लागना म्हनीसन झोपू नका."

आता मुख्य गोष्ट. आबांचं सगळ्यात मोठं हत्यार कान होतं. लायनरवर धूळ बसली की ब्रेक शिट्टी मारतो, त्याला ते 'पोरगं रडस' म्हणायचे. रडू द्या, थांबेल. पण लायनर संपून आतलं लोखंड ड्रमवर घासायला लागलं की करकर आवाज येतो, आणि तो आवाज आला की पुढचं वळण घ्यायचं नाही. हा आवाज इंजिनच्या घरघरीत बारीक असतो. म्हणून त्यांच्या गाडीत एक नियम होता. उतार लागला की कुणी बोलायचं नाही. "माले गाडीनं आयकू द्या," ते म्हणायचे, आणि सातपुड्याच्या उतारावर गाडी लागली की आम्ही सगळे चिडीचूप. मी, पथकातली सिस्टर, कधी पंचायतीतला कुणी, कधी शाळेचे गुरुजी. एकदा खुद्द साहेब कुठलासा किस्सा रंगवून सांगत होते, तेवढ्यात उतार आला. आबांनी गाडी थांबवली, मागे वळून पाहिलं आणि नुसते बसून राहिले. साहेबांनी किस्सा खालच्या नाल्यापाशी पूर्ण केला. नाला ओलांडल्यावर आबा थोडं अंतर पाय ब्रेकवर हलका टेकवून चालवायचे, ओलं लायनर सुकावं म्हणून. तेवढ्या वेळात मात्र बोललं तर चालायचं.

आमच्या पथकालाही दिवेवाली नवी गाडी मिळाली. आबांनी तिचंही सगळं तसंच सुरू ठेवलं: हात, पाय, वर्तमानपत्र. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. ज्या दिव्याची ते टिंगल करायचे, त्याच्याकडे त्यांची नजर सारखी जात होती. उतारावर तर फारच. मग आणखी काही. मी मागून हाक मारली की वळत नसत, समोरून बोललं की बरोबर उत्तर देत. रेडिओ तर खोलीबाहेरच्या लोकांचीही बातम्या ऐकायची सोय व्हावी इतका मोठा लागायला लागला. सिस्टर म्हणाली, आबांना हल्ली दोनदा सांगावं लागतं.

मी डॉक्टर आहे. मला कळलं नाही असं म्हणण्याची सोय नाही.

मी त्यांना म्हटलं, धुळ्याला माझ्या ओळखीचे कानाचे डॉक्टर आहेत, जाऊन येऊ. ते म्हणाले, "कानमा मळ व्हई. तेल टाकस मी." विषय संपला.

वर्षातून एकदा ड्रायव्हर लोकांचा तंदुरुस्तीचा दाखला करायचा असतो. दृष्टी, रक्तदाब, कान. तो दाखला माझ्या सहीनं जायचा. आबांचा फॉर्म माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षंही उरली नव्हती. दाखला नाही मिळाला तर काय होणार ते आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं. गाडीची किल्ली जाणार आणि ऑफिसच्या दाराशी स्टूल मिळणार. साहेबांच्या घंटेवर उठायचं, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या. ज्या माणसानं साहेबांना उतारावर गप्प बसवलं, त्याला साहेबांच्या घंटेवर उठवायचं, हे माझ्या मनाला पटेना.

मी डोळे तपासले. उत्तम. रक्तदाब ठीक. मग म्हटलं, डोळे मिटा, घड्याळाची टिकटिक ऐकू आली की बोट वर करा. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या उजव्या कानाशी नेलं. बोट वर झालं नाही. डाव्या कानाशी नेलं. नाही. मी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर लावून घेतला. मग आबांनी बोट वर केलं.

डोळे मिटलेले, बोट वर, चेहरा अगदी शांत. उत्तर येत नसताना हात वर करणाऱ्या हुशार मुलासारखा. मला हसू आलं. मी कॉटच्या मागे उभी होते. फॉर्ममध्ये 'श्रवणशक्ती' अशी रेघ होती. मी तिच्यापुढे 'योग्य' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"ठीक शे का बाई?"

"ठीक आहे, आबा."

माझी समजूत अशी होती की या माणसाला हात आहे, पाय आहे, नाक आहे, तीस वर्षांचा अनुभव आहे. एकटे कान गेले तर काय बिघडलं? आबांनी असा युक्तिवाद चाकाच्या बाबतीत कधी ऐकून घेतला नसता. पण त्यांना विचारतंय कोण!

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. वरच्या एका पाड्यावर दिवसभर लसीकरण केलं आणि दुपार कलताना आम्ही खाली निघालो. गाडीत आबा, मी आणि मागे सिस्टर, पेटीशेजारी. पावसानं रस्ता उखडलेला, नुसते दगड. उतार लागला आणि आम्ही नियमाप्रमाणे गप्प झालो.

वरच्या वळणावर मला तो आवाज आला. करकर, करकर. डाव्या बाजूनं, पुढच्या चाकातून. पाय ब्रेकवर आला की आवाज, उचलला की बंद. मी आबांकडे पाहिलं. ते समोर बघत होते, मधूनच दिव्याकडे. दिवा विझलेला होता. मागे वळले तर सिस्टर माझ्याकडे पाहत होती. तिलाही ऐकू येत होतं. ती काही बोलली नाही. मीही नाही.

का बोलले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एक तर सवय. इतक्या वर्षांत त्या गाडीतला आवाज आबांच्या आधी कुणी ऐकला नव्हता. आपल्याला आला म्हणजे त्यांना कधीच आला असणार, आता थांबतीलच, असं शरीरानंच धरून ठेवलं होतं. पण ते निम्मंच खरं. उरलेलं असं की तोंड उघडलं तर मला माहीत आहे हे उघड होणार होतं. मी पुढच्या वळणापर्यंत थांबले. मग त्याच्या पुढच्या.

शेवटचा उतार सरळ खाली केळीच्या बागांमध्ये उतरतो. खाली रस्त्यावर केळीचे घड भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आडवा निघाला होता. घडांवर पाच-सहा बाया बसलेल्या, कामावरून परतणाऱ्या. आबांनी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी एका बाजूला ओढली गेली आणि चालत राहिली. तेव्हा मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही.

आबांनी गिअर खाली टाकला, पुन्हा खाली टाकला, हँडब्रेक दोन्ही हातांनी वर ओढला आणि गाडी बागेच्या बांधाला घासत नेली. माती उडाली. पेटी उलटली. गाडी थांबली तेव्हा ट्रॉलीत आणि आमच्यात एक माणूस आडवा निजेल एवढं अंतर होतं. वरच्या बाया अजून आमच्याकडे नुसत्या बघत होत्या. मग त्यातली एक शिव्या द्यायला लागली, चांगल्या ठेवणीतल्या. तिचं चुकलं नव्हतं.

आबा उतरले. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. हात झटकत तिथेच बसले. मग माझ्याकडे वळले आणि माझ्या ओठांकडे पाहत त्यांनी विचारलं,

"आवाज व्हता का?"

"होता."

"कोठेपासून?"

"वरच्या वळणापासून."

त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं. अंतर मोजत असावेत. "पायले लागनं व्हतं," ते स्वतःशीच म्हणाले, "माले वाटनं रस्ताना दोष शे." मग पुन्हा माझ्याकडे. "मंग सांगं काबर नही?"

"उतारावर बोलायचं नाही ना, आबा." मी हे खरंच म्हणाले. त्यांच्याच नियमामागे लपले.

त्यांच्या डोक्यात एकेक गोष्ट जुळत होती, ते मला दिसत होतं. दाखला. घड्याळ. मिटलेले डोळे.

"तुमले मालूम व्हतं."

मी मान हलवली.

"मी कधी गाडीले असं पास करेल नही, बाई." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. रावेरहून दुसरा ड्रायव्हर आणि मेस्त्री येईपर्यंत बांधावर बसून राहिले. येताना मागे सिस्टरच्या शेजारी बसले, उलटलेली पेटी मांडीवर धरून. त्यातल्या लशी फुकट गेल्या होत्या. तरी पेटी त्यांनी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं लॉगबुक साहेबांच्या टेबलावर होतं. त्यात रोजच्या फेरीपुढे शेरा लिहायला जागा असते. आबांनी आपल्या मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत शाळेतली मराठी काढून लिहिलं होतं: 'पुढील दोन्ही लायनर नवीन टाकले. ब्रेक ठीक. ड्रायव्हरला ऐकू येत नाही. यास गाडी देऊ नये.' खाली सही, तारीख. माझ्या दाखल्याबद्दल एक अक्षर नव्हतं. साहेबांनी ते स्वतःच शोधून काढलं आणि मला लेखी खुलासा मागितला. तो मी दिला. त्याचं काही फार झालं नाही. आबांना स्टूल मिळालं.

आठवडाभरानं ते माझ्या खोलीत आले. स्वच्छ टोपी घातलेली. कॉटवर बसले आणि म्हणाले, "आते खरं तपासा."

मी कान तपासायचा ट्यूनिंग फोर्क काढला. एकेका कानाशी धरला, कानामागच्या हाडाला टेकवला, मागे जाऊन कुजबुजले, मोठ्यानं बोलले, ओरडले. या वेळी ऐकू येईल तेव्हाच त्यांनी बोट वर केलं. डावा कान जवळजवळ गेला होता, उजवा निम्मा. मी सगळं कागदावर लिहिलं, जसं होतं तसं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. "हाई ठीक शे," म्हणाले. घडी घालून खिशात ठेवला आणि व्हरांड्यातून आपल्या स्टुलाकडे चालायला लागले.

मी दारात उभी होते. त्यांच्या पाठीला म्हटलं, "आबा, माफ करा मला."

ते चालत राहिले. ऐकू येणार नाही हे मी नुकतंच माझ्या हातानं लिहून दिलं होतं. येणार नव्हतं म्हणूनच मला ते म्हणता आलं.

त्यानंतर दीड वर्ष ते माझ्या खोलीसमोर बसत होते. आमचं रोज बोलणं व्हायचं. त्यांनी राग धरला नव्हता, किंवा धरला असला तरी दाखवला नाही. मी जाता-येता ओरडायचे, "काय आबा, चहा झाला का?" आणि ते हसून ओरडायचे, "व्हयना, बाई." पाऊस, गिरणेचं पाणी, नातवाचं बारसं, सगळं आम्ही व्हरांडाभर ऐकू जाईल असं बोललो. तेवढी एक गोष्ट राहिली. चहा झाला का हे ओरडून विचारता येतं. माफी ओरडून मागायला मला जमलं नाही. चिठ्ठीवर लिहून देता आली असती, हे तेव्हा सुचलं नाही. किंवा सुचायला नको होतं.

निवृत्त होऊन ते भडगावला गेले. मी एकदा जायचं ठरवलं, बसचं वेळापत्रकही विचारून आले. निघायच्या आतच त्यांच्या मुलाचं पत्र आलं की आबा गेले, झोपेतच, त्रास काही झाला नाही. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, वडील तुमचं नाव नेहमी काढत, म्हणत, बाईंनी माझा कान अगदी बरोबर तपासला होता.